चाळीस अंशांवरचं लोखंड

पदार्थविज्ञान विभागात तिला सगळे पोकळीताई म्हणत. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं, पण त्यात टिंगल नव्हती. तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत क्ष-किरणांचं एक जुनं यंत्र होतं. त्याच्या नळीतली हवा उपसून पोकळी करायची आणि ती टिकवायची, हे काम ताईइतकं कोणाला जमत नसे. पंपाचा आवाज जरा बदलला तरी ती जेवता जेवता डबा मिटून उठे.

यंत्र तिच्या नोकरीपेक्षाही जुनं होतं. हिरव्या रंगाचं जाडजूड कपाट, त्याला शिशाच्या काचेची खिडकी, आत हातभर लांबीची धातूची नळी. नळीच्या एका टोकाला टंगस्टनची बारीक तार आणि समोरच्या टोकाला तांब्याची चकती. तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटायचे, तीस हजार व्होल्टांच्या ओढीने सुसाट जाऊन तांब्यावर आदळायचे, आणि तांब्यातून क्ष-किरण निघायचे. चकतीच्या मागून सतत गार पाणी खेळवावं लागे, नाहीतर तांबं वितळायला वेळ लागला नसता.

एका सोमवारी सकाळी पोकळी होईना. पंप तासभर घरघरत राहिला, पण मापकाचा काटा अर्ध्यावरून खाली उतरायला तयार नव्हता. ताईने नळी उघडली आणि कपाळाला हात लावला. चकतीच्या मधोमध इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने पडलेला खड्डा होताच, तो आता आरपार गेला होता. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पाण्याचा एक थेंब बाहेर डोकावत होता.

चकत्या बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. कपाटातली शेवटची चकती ताईने बारा वर्षांपूर्वी बसवली होती, तीच ही.

विभागप्रमुख मॅडम वयाने ताईपेक्षा लहान, स्वभावाने चांगल्या, पण कामाच्या बाबतीत तुकडा पाडून मोकळ्या होणाऱ्या. त्यांनी भोक पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, दहा दिवसांवर प्रात्यक्षिक परीक्षा आलीय. आता कुठे हे दुरुस्त करत बसणार? मागच्या वर्षीचे आलेख आहेत ना, त्यांच्या प्रती काढून मुलींना देऊ. कागदावर मोजतील. आणि खरं सांगू का, ही खोली मला सुट्टीत संगणकांसाठी हवीच आहे."

"म्हणजे यंत्र?"

"यंत्राला आता निवृत्ती देऊ या."

ताई म्हणाली, "मॅडम, मला एक आठवडा द्या. नवी चकती करून घेते."

"करणार कोण? लेथवाले काका गेले, त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही."

"आहे एक जण," ताई बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली.

तो एक जण म्हणजे तिचे सासरे. आप्पांचं वय एक्याऐंशी. साठ वर्षं त्यांनी तांबेकाम केलं होतं. मोठाल्या कढया, दुधाच्या कारखान्यांच्या टाक्या, वाफेच्या वळणदार नळ्या. तांब्याचा तुकडा दोऱ्याला टांगून त्यावर हातोडीची टिचकी मारायची आणि त्याच्या नादावरून तांबं चोख आहे की भेसळीचं ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. दुसऱ्या कारागिरांचं तांबं तपासायलासुद्धा लोक त्यांच्याकडे येत.

सुनेच्या नोकरीबद्दल मात्र त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "आमच्या सूनबाई बटण दाबतात आणि काट्याकडे बघत बसतात," असं ते शेजाऱ्यांना सांगत. त्याला कारणही होतं. लग्न होऊन घरात आल्यावर पहिल्याच महिन्यात, आप्पांनी स्वतःच्या हाताने घडवलेला पाण्याचा बंब कुठेतरी पाझरतोय असं सूनबाईंना वाटलं. तिने कामाच्या सवयीने सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एका सांध्यावर टपोरा बुडबुडा आला. पाहुणे बसले होते, सगळ्यांनी तो पाहिला. अठ्ठावीस वर्षं झाली, तो बुडबुडा अजून फुटला नव्हता.

संध्याकाळी आप्पांच्या चहाच्या कपाशेजारी ताईने जुनी चकती ठेवली. तिचा नवरा वर्तमानपत्र वाचत होता, त्याने ते अंमळ वर धरलं.

आप्पांनी चकती उचलली, उलटीपालटी केली, खड्ड्यावरून अंगठा फिरवला. "हे कोणी मारलंय?"

"इलेक्ट्रॉनांनी."

"कोण?"

"इलेक्ट्रॉन, आप्पा. विजेचे कण. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक."

"आणि खड्डा पाडलाय ऐरणीला पडावा तसा."

"बारा वर्षं मारत होते."

आप्पांनी चकती खाली ठेवली नाही. "सांधा कोणी केलाय? हात चांगला आहे." मग सुनेकडे न बघता, "अशीच दुसरी पाहिजे?"

"हो. आणि आठवड्याच्या आत."

"मग सकाळी यायचं सांगायला, संध्याकाळी काय सांगतेस?" असं म्हणून आप्पा उठले आणि खुंटीवरची किल्ली काढून घेतली.

मागच्या अंगणातली त्यांची शेड दोन वर्षं बंद होती. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना ताई तिथे डोकावली. आप्पांनी कोपऱ्यातून जाड तांब्याच्या पट्ट्या काढल्या होत्या. एका जुन्या वीजघराच्या पाडकामातून मिळालेल्या, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून जपलेल्या. एकेक पट्टी दोऱ्याला टांगून ते टिचकी मारत होते. पहिली पट्टी ऐकली, कपाळाला आठी घातली. पुन्हा मारली, पुन्हा आठी. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही असं वाटल्यावर पट्टीचं टोक कानामागच्या हाडाला टेकवलं, डोळे मिटले आणि दुसऱ्या टोकावर टिचकी मारली.

ताई दारातच थबकली. गेली दोन वर्षं काहीही विचारलं की "हं" म्हणणं, टीव्हीचा आवाज वाढवत नेणं, सगळ्याचा अर्थ तिला एका क्षणात लागला. ती चोरपावलांनी मागे सरकली, आणि मग चोरपावलांची गरजच नाही हे लक्षात येऊन तिला कसंतरीच झालं. त्याबद्दल ती घरात कोणाशीही बोलली नाही.

पुढचे तीन दिवस शेडमधून ठोकाठोक, घासाघास आणि मधूनमधून आप्पांचं स्वतःशीच भांडण ऐकू येत होतं. कामावरून आल्यावर ताई तिथे जाऊन उभी राही.

"सांधा जोडायच्या झाळीत जस्त नको, आप्पा."

"जस्ताशिवाय झाळ? मी साठ वर्षं काय दगडांचे सांधे केले?"

"पोकळीत जस्त तापलं की उडून जातं. मग सगळ्या नळीच्या अंगावर जाऊन बसतं. ही घ्या, चांदी आणि तांब्याचीच तार आणलीय."

आप्पांनी तार नाकाजवळ धरली, वाकवली, मोडली, मोडलेलं टोक उजेडात पाहिलं. "महाग नखरे आहेत तुमच्या नळीचे," ते म्हणाले. पण तार वापरली. पहिला सांधा त्यांनी स्वतःच नापसंत केला. दुसरा ताईने. तिसऱ्याबद्दल दोघंही गप्प राहिले, म्हणजे तो जमला होता.

शनिवारी चकती घेऊन आप्पा स्वतः कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट, नव्या वहाणा. अठ्ठावीस वर्षांत सुनेचं कामाचं ठिकाण त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. खोलीत प्रात्यक्षिकाच्या सरावाला आलेल्या सात-आठ मुली होत्या आणि मॅडमही आल्या होत्या. कपाटावरची धोक्याची पिवळी पाटी पाहून आप्पा दोन पावलं लांबच उभे राहिले. "यात माझी हाडंबिडं दिसणार नाहीत ना सगळ्यांना?"

"दार उघडं असलं की यंत्र चालूच होत नाही, आजोबा," जाड चष्म्याची एक मुलगी म्हणाली.

"काय म्हणते ही?"

"काळजी नको म्हणते!" ताई ओरडली.

ताईने चकती बसवली, रबराचं कडं नीट दाबून आवळलं, पंप सुरू केला. काटा हळूहळू उतरू लागला. तळाला पोचल्यावर तिने कापसाचा बोळा हातात घेतला.

"साबण आणलास ना?" आप्पांनी विचारलं. चेहरा अगदी साळसूद.

ताईला हसू आवरेना. "इथे स्पिरिट लागतं, आप्पा. सांध्याला फट असली तर स्पिरिटची वाफ आत शिरते आणि हा काटा उडी मारतो."

तिने सांध्यावरून बोळा फिरवला. एकदा, दोनदा, खालच्या बाजूने आरसा धरून तिसऱ्यांदा. काटा जागचा हलला नाही.

"नाही हलला."

"आँ?"

"काटा हलला नाही! सांधा पक्का आहे!"

इतक्या जोरात ती ओरडली की मुलींनी टाळ्याच वाजवल्या. आप्पांनी मान थोडी खाली घातली आणि शर्टाची बाही उगाच सारखी केली.

मग दार बंद झालं, पाणी सुरू झालं, तार तापली. आप्पांनी खुर्ची ओढून घेतली. "आता सांग. आत काय चाललंय?"

ताईने सांगायला सुरुवात केली. आप्पांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने, आणि कळावं म्हणून सोपं करून. मुलींनी वह्या बाजूला ठेवल्या.

"त्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतायत आणि तुमच्या तांब्यावर आदळतायत. शंभरातल्या नव्व्याण्णव हिश्श्यांची नुसती उष्णता होते."

"म्हणून पाणी."

"म्हणून पाणी. काही इलेक्ट्रॉन तांब्यात शिरताना अडखळतात, वेग गमावतात. कोणी थोडा, कोणी जास्त. त्यातून निघणारे किरण सरमिसळ असतात. इथे तांबं असो नाहीतर दुसरं काही, ते निघणारच. पण एखादा इलेक्ट्रॉन थेट तांब्याच्या अणूच्या आत घुसतो. अणूचं असं समजा, मजल्यामजल्यांची इमारत आहे. प्रत्येक मजल्यावर त्याचे स्वतःचे इलेक्ट्रॉन राहतात. हा बाहेरचा येतो आणि अगदी तळमजल्यावरच्या एकाला धक्का मारून घराबाहेर काढतो."

"दांडगाईच झाली ही."

"झालीच. पण तळमजल्यावरची जागा रिकामी राहत नाही. वरच्या मजल्यावरचा एक जण तिथे उडी मारतो. त्या उडीत जी ऊर्जा सुटते, तोच किरण. पहिल्या मजल्यावरून उडी मारणारे पुष्कळ, दुसऱ्यावरून मारणारे थोडे. म्हणून तांब्याचे मुख्य किरण दोन तऱ्हांचे, एक जोरकस आणि एक फिका. आणि मजल्यांमधलं अंतर प्रत्येक धातूचं वेगळं. तांब्याचं तांब्यासारखं, लोखंडाचं लोखंडासारखं. किरण पाहिला की धातू ओळखता येतो."

आप्पा पुढे वाकून ऐकत होते. ते एकदम मागे टेकले आणि मांडीवर थाप मारली. "अगं, मग तुम्हीसुद्धा ठोकूनच बघता की!"

मॅडम खळखळून हसल्या. "वर्गात दोन तास घेऊन मी एवढं सांगू शकले नाही," त्या मुलींना म्हणाल्या.

ताईने बटण दाबलं. यंत्रातला मिठाचा स्फटिक हळूहळू वळू लागला आणि लांब कागदावर पेन सरकू लागलं. स्फटिक ज्या कोनात असेल त्या कोनात बसणारा किरण तेवढा मोजला जाणार आणि तो जितका जोरकस तितकं पेन वर उठणार. आधी एक पसरट टेकडी आली, ती सरमिसळ किरणांची. मग एकोणतीस अंशांच्या जरा अलीकडे एक बारीक सुळका. आणि बत्तिसाच्या जवळ पेन असं काही उसळलं की कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकलं.

"हे तुमचं तांबं, आप्पा!"

आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान मावेना. पेन खाली आलं, सपाट चालू लागलं. छत्तीस, सदतीस, अडतीस. आणि चाळीस अंशांवर त्याने पुन्हा डोकं वर काढलं. मोठं नाही, बोटाच्या पेरभर. पण स्पष्ट.

चष्मेवाल्या मुलीने धातूंचा तक्ता पाहिला आणि हळूच म्हणाली, "ताई, हे तर लोखंड."

"काय म्हणाली?" आप्पांनी विचारलं. मग सुनेच्या तोंडाकडे बघून त्यांनी पुन्हा विचारलं.

"लोखंड दिसतंय, आप्पा," ताई म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही, पण त्यांना कळलं.

"माझ्या तांब्यात?"

मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "होतं असं कधीकधी. चकती सुंदर झालीय. पण परीक्षेला मुली तांब्याचे किरण मोजणार. मध्येच लोखंड आलं तर बाहेरून येणारे परीक्षक काय म्हणतील?"

आप्पांनी हातांची घडी घातली, सोडली. मग ते खाली बघून बोलले, फक्त सुनेला ऐकू जाईल अशा बेताने, पण स्वतःच्या आवाजाचा अंदाज त्यांना आता राहिला नव्हता. सगळ्यांनी ऐकलं. "चूक माझीच. दोन वर्षं मला नीट ऐकू येत नाही. हाडाला लावून पाहिलं होतं. वाटलं, चोख आहे. कान गेला तो गेलाच म्हणायचा."

ताईला वाटलं, आपण ही चकती त्यांच्या चहाशेजारी ठेवायलाच नको होती. ती कागदाकडे बघत राहिली. चाळीस अंशांवरचा तो पेरभर उंचवटा बघता बघता तिला एकदम काहीतरी सुचलं.

"थांबा," ती म्हणाली. "आप्पा, इलेक्ट्रॉन आत किती खोल जातात माहीत आहे? केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतकेही नाही. यंत्राला फक्त कातडी दिसते. आतलं तांबं कसं आहे ते याने पाहिलेलंच नाही!"

"मग?"

"मग लोखंड तांब्यात नसेल, तांब्यावर असेल. शेवटचा हात कशाने मारलात?"

"कानशीने. मग पॉलिश."

"ती कानस त्याआधी कशावर चालवली होती?"

आप्पा आठवू लागले. आठवलं तसं त्यांचं तोंड उघडं राहिलं. "फाटकाच्या बिजागरीवर," ते म्हणाले. "कुरकुरत होती म्हणून." आणि मग, मुली दचकाव्यात इतक्या मोठ्याने, "गाढव! अरे गाढवा!" हे ते स्वतःला म्हणत होते. "तांबं मऊ असतं, लोखंडाचा कीस त्यात रुतून बसतो. शिकाऊ असताना याच्यासाठी मी उस्तादांचा मार खाल्लाय! तांब्याची कानस वेगळी ठेवायची!"

"आता काढता येईल?"

"काढता येईल म्हणजे? काचेचा तुकडा आण. ताजा फोडलेला. त्याच्या धारेने वरची साल काढतो."

चष्मेवाली मुलगी तडा गेलेलं चंचुपात्र शोधून घेऊन आली. ताईने पंप थांबवला, हवा आत सोडली, चकती काढली. आप्पांनी खिडकीजवळच्या टेबलावर कापड पसरलं, काच रुमालात धरली आणि चकतीवरून ओढायला सुरुवात केली. केसासारखे तांब्याचे तंतू निघू लागले. मुली भोवती गोळा झाल्या. मॅडमना दुसरीकडे बैठक होती, त्या दोनदा दारापर्यंत गेल्या आणि दोनदा परत आल्या.

पाऊण तासाने चकती गुलाबी दिसू लागली, नुकत्याच सोललेल्या फळासारखी. ताईने ती सौम्य आम्लात बुडवून धुतली, वाळवली, बसवली. पुन्हा पंप, पुन्हा स्पिरिट, पुन्हा तार. पेन चालू लागलं. टेकडी. बारीक सुळका. मोठा सुळका. अडतीस. एकोणचाळीस. आप्पा खुर्चीवरून उठून कागदावर इतके वाकले की ताईला त्यांना खांद्याला धरून मागे घ्यावं लागलं.

चाळीस. पेन सरळ गेलं. एकेचाळीस, बेचाळीस, सरळ.

"चोख आहे!" ताई ओरडली. "आप्पा, तुमचं तांबं चोख आहे!"

"मला दिसतंय," आप्पा म्हणाले. "कान गेलाय, डोळे नाही गेले." आणि सगळ्यांसमोर त्यांनी सुनेची पाठ थोपटली. मग जरा घाईघाईने रुमाल झटकायला म्हणून ते बाहेर व्हरांड्यात गेले.

परीक्षा यंत्रावरच झाली. परीक्षक बाई मुलींना प्रश्न विचारत होत्या आणि मुली एकजात इमारत, मजले आणि उड्या सांगत होत्या. बाईंनी शेवटी मॅडमना विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं?" मॅडमनी ताईकडे बोट दाखवलं. संगणकांसाठी वरच्या मजल्यावरची रिकामी खोली मिळाली. कानांच्या डॉक्टरांकडे आप्पा त्याच महिन्यात गेले, नेणारा त्यांचा मुलगा होता. परत आल्यावर त्यांची पहिली तक्रार अशी की घरातला पंखा इतका खडखडतो हे कोणी सांगितलं का नाही.

सुट्टी संपता संपता मॅडम ताईच्या खोलीत आल्या. "ताई, मुलींना दोन धातू शेजारी शेजारी दाखवता आले तर किती छान होईल. आप्पा लोखंडाची चकती करून देतील का?"

ताईने घरी येऊन विचारलं.

"लोखंड?" आप्पांनी नाक मुरडलं. "मी लोखंडाला हात लावत नाही. एखादा लोहार बघा म्हणावं."

"बरं. तसं सांगते त्यांना."

आप्पांनी कप पुढे ओढला. चहा पिऊन झाला. "आणि लोखंडाच्या मागून पाणी खेळवलं तर गंजणार नाही का ते?"

"गंजेल की."

"त्यापेक्षा बुड तांब्याचं ठेवायचं. पाणी तांब्यातून. वर पातळ लोखंडाची टिकली झाळायची, एवढीशी." त्यांनी बोटांनी माप दाखवलं. "उष्णता तांबं पळवेल, किरण लोखंड देईल. चालेल ना तुमच्या नळीला?"

"पळेल," ताई म्हणाली.

"मग त्या लोहाराला कशाला त्रास देतेस," आप्पा म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.